उजवीकडे जायचे, तर आधी डावीकडे?

प्रश्न : अमेरिकेतील न्यू जर्सीत वळणाऱ्या गाड्या चौकात न थांबता बाजूच्या रस्त्याने जातात, असे ऐकले. मनमाड-चाळीसगाव रस्त्यावर हे जमेल का?
– एक वाचक, नांदगाव

उत्तर : त्या रचनेला 'जगहँडल' म्हणतात, आकार मगाच्या कानासारखा. तिथे वाहने उजवीकडून चालतात, म्हणून डावे वळण अडचणीचे. आपल्याकडे चित्र उलटे. उजवीकडे वळणाऱ्याने चौकाआधीच डावीकडच्या रॅम्पवर उतरायचे, आडव्या रस्त्याला लागायचे आणि सिग्नल मिळताच चौक सरळ ओलांडायचा.

फायदा मोठा आहे. साध्या चार रस्त्यांच्या चौकात वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांना भिडतात. समोरची वाहने कापणारे उजवे वळण त्यांतले फार धोकादायक. ते निघाले, की सिग्नलचा वेगळा टप्पाही वाचतो.

मात्र कोपऱ्यावर जागा लागते. आडव्या रस्त्यावरची रांग रॅम्पच्या तोंडाशी आली, तर सगळेच अडते. ट्रॅक्टर-ट्रॉलीला पुरेल असे रुंद वळण आणि बऱ्याच आधी मराठी फलकही हवेत.

पुण्याच्या चांदणी चौकात वळणारी वाहतूक रॅम्पवर विभागली गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये जुना पूल पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये नवी रचना खुली झाली. पण तो पुलांचा, मोठ्या खर्चाचा मार्ग.

तुम्ही आधी बाजाराच्या दिवशी वळणारी वाहने मोजा. ती थोडी असतील, तर उजव्या वळणाची वेगळी मार्गिका पुरेल. आकडे घेऊन अर्ज करा. नुसत्या तक्रारीपेक्षा त्याला वजन असते.