उपसर्ग : इंग्रजी शब्दसंग्रहाची गुरुकिल्ली

राज्याचा बराचसा कारभार मराठीतून चालत असला, तरी केंद्रीय कायदे, निविदा, यंत्रांची माहितीपत्रके यांमधून इंग्रजी शब्द वारंवार समोर येतात. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होतो. मात्र प्रत्येक शब्द सुटा पाठ करणे कष्टाचे असते. शब्दारंभीचे उपसर्ग ओळखता आले, तर एका परिचित शब्दावरून अनेकांचे अर्थ उलगडतात.

मराठी वाचकाला ही रीत नवी नाही. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार असे भिन्नार्थी शब्द झाले. त्याचप्रमाणे वाहून नेणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून इम्पोर्ट (आयात), एक्सपोर्ट (निर्यात) व ट्रान्सपोर्ट (वाहतूक) हे शब्द सिद्ध झाले. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एकच असावे, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्ता येथील व्याख्यानात मांडला. इंग्रजीने ग्रीक व लॅटिनमधून अनेक उपसर्ग घेतले असल्याने ‘पेरी’ व ‘परि’, ‘प्रो’ व ‘प्र’, ‘सब’ व ‘उप’, ‘इंटर’ व ‘अंतर्’ या जोड्या सगोत्र ठरतात.

संधीचे नियमही ओळखीचे वाटतात. ‘उत्’ व ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो. तसाच नकारार्थी ‘इन’ पुढील वर्णानुसार पालटून इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर अशी रूपे होतात.

तथापि, कार्यालयीन कामात एका अक्षराचा फरकही महत्त्वाचा ठरतो. ‘इंटरस्टेट’ म्हणजे आंतरराज्य, तर ‘इंट्रास्टेट’ म्हणजे राज्यांतर्गत. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या व्यवस्थेत पहिल्या प्रकारच्या पुरवठ्यावर एकात्मिक कर, तर दुसऱ्यावर केंद्रीय व राज्य असे दोन कर आकारले जातात. तसेच ‘बायअॅन्युअल’ म्हणजे वर्षातून दोनदा, तर ‘बायेनियल’ म्हणजे दोन वर्षांतून एकदा. अहवालाची मुदत ठरविताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.

काही शब्द फसवेही असतात. ‘इन्फ्लेमेबल’ मधील ‘इन’ नकारार्थी नाही. त्या शब्दाचा अर्थ ज्वालाग्राही असाच आहे. तो न पेटणारा असा घेतल्यास जीविताला धोका संभवतो. म्हणूनच अशा पदार्थांच्या सूचनाफलकांवर ‘फ्लेमेबल’ हा निःसंदिग्ध शब्द वापरण्याची प्रथा रूढ झाली.

शिक्षकांनी दर आठवड्यास एक उपसर्ग घ्यावा, विद्यार्थ्यांकडून त्याचे पाच शब्द शोधून घ्यावेत, त्यांना मराठी प्रतिशब्द द्यावेत व एखादा अपवादही दाखवावा. उपसर्गावरून अर्थाची दिशा कळते. त्याची निश्चिती मात्र संदर्भ व शब्दकोश पाहूनच करावी.