अंबेच्या देवळात रुक्मिणीमाता

अकोल्याकडील माळकरी मंडळी बडनेऱ्यास गाडी बदलून अमरावतीस येतात आणि कीर्तन आटोपल्यावर हळूच विचारतात, "महाराज, आम्ही पांडुरंगाचे. अंबादेवीस जावे की न जावे? अनन्यतेला बाध तर येत नाही ना?" याचे उत्तर पदरचे न देता श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधातून घेऊ. कारण तेथे अंबिकेच्या दर्शनाला निघालेली प्रत्यक्ष आपली रखुमाई आहे.

विदर्भराज भीष्मकाची राजधानी कुंडिनपूर. वर्धेकाठचे कौंडण्यपूर ते हेच, अशी आपली परंपरा. भाऊ रुक्मी याने शिशुपालाशी लग्न ठरविले, तेव्हा रुक्मिणीने ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला निरोप धाडला. सात श्लोकांच्या त्या निरोपातच तिने युक्ती सांगितली की, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीने नगराबाहेर कुलदेवीला जाण्याची आमची चाल आहे, तेव्हा मला घेऊन जा. नाथमहाराजांनी याच कथेवर १८ प्रसंगांचे 'रुक्मिणीस्वयंवर' रचले. ते देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, असे वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कौंडण्यपूर तर येथून चाळीसेक किलोमीटर, आणि तेथेही अंबिकेचे देऊळ आहे. मग कोणी भुयाराची गोष्ट काढतो. कीर्तनकाराने या वादात पडू नये. भागवतकारांनी देऊळ नगराबाहेर एवढेच सांगितले. रुक्मिणीचे वागणे मात्र बारकाईने सांगितले, ते आपण धरावे.

ती पायी निघाली. राजाची लेक, पण पायी! भोवती शस्त्रधारी शिपाई, मृदंग-शंख-भेरींचा कल्लोळ, आयाबायांचा मेळा. आणि हिचे मुख मौन, चित्तात मुकुंदाचे चरण. आज गांधी चौकात रिक्षांचे भोंगे वाजतात, नवरात्रात मुंगी शिरायला जागा नसते. लोक म्हणतात, "अशा गलबल्यात कसले चित्त लागते!" अहो, तिच्याभोवती काय थोडा गलबला होता? देवळापाशी तिने हातपाय धुतले, आचमन केले, शांत होऊन आत गेली. जाणत्या वृद्ध ब्राह्मणस्त्रियांनी सांगितली तशी पूजा केली आणि मागितले एकच, श्रीकृष्ण मला पती मिळो; अंबे, तू याला रुकार दे.

मंडळींच्या प्रश्नाचे उत्तर येथे आले. देवीपाशी जाऊन तिने देवच मागितला. पोरगा पास होऊ दे, कपाशीला भाव येऊ दे, हे मागू नये असे मी म्हणत नाही. संसारी माणूस आईजवळ नाही मागणार तर कोठे? पण त्या यादीत पांडुरंग कितवा येतो, तेवढे ज्याचे त्याने पाहावे.

पुढचा श्लोक पुराणिक घाईने उरकतात, कारण हरणाचा प्रसंग जवळ आलेला असतो. पूजा झाल्यावर तिने मौन सोडले आणि रत्नाच्या अंगठीने शोभणाऱ्या हाताने एका सेविकेचा हात धरून ती बाहेर आली. मूळ शब्द 'भृत्या' आहे. म्हणजे चाकरीची बाई देवळात तिच्याबरोबर होती, आणि तिचा हात धरायला राजकन्येस विटाळ वाटला नाही.

हे ध्यानात ठेवून १९२७ साल आठवा. अंबादेवीचे देऊळ अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख पुढे झाले. वेदवाङ्मयातील धर्माचा त्यांचा अभ्यास मोठा. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात परिषद भरली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आडवे येणारेही होतेच. पण दुसऱ्याला नावे ठेवण्याआधी आपले पाहू. नामाचा अधिकार सर्वांना, असे आपण शतकानुशतके टाळ कुटून सांगितले. आणि पंढरीचे दार उघडायला मे १९४७ उजाडला, तेही साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा. चोखोबाही परंपरेने आपल्या वऱ्हाडचे, मेहुणा राजाचे. वऱ्हाडची लेक गाभाऱ्यात, आणि वऱ्हाडच्या लेकाची समाधी महाद्वाराबाहेर. हा मजकूर कीर्तनात सांगताना माझा आवाज खाली येतो.

अंबादेवीनंतर शेजारच्या एकवीरेचेही दर्शन घ्यावे. सवड असल्यास कौंडण्यपुरास जावे. आषाढीला रुक्मिणीमातेची पालखी पंढरीस निघते ती तेथूनच.