बांध राखणारा देश

बांधाला पडलेल्या भोकात बोट घालून, कडाक्याच्या थंडीत रात्रभर बसून राहिलेल्या हॉलंडच्या मुलाची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी वाचली असेल. गोष्ट मनोरम आहे. परंतु ती हॉलंडच्या इतिहासातील नव्हे. मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५ साली निघालेल्या पुस्तकामुळे ती जगभर पसरली. खरा बांध एका बोटाने राखला जात नाही. तो कसा राखला जातो हे पाहण्यासाठी आपण त्या देशाचा एक फेरफटका करू या.

देशाचे नाव नेदरलँड्स, म्हणजे सखल भूमी. हॉलंड हे त्यातील दोन प्रांतांचे नाव. तेच पुढे साऱ्या देशाला रूढ झाले. तेथील डच लोकांना जुन्या मराठी कागदपत्रांत ‘वलंदेज’ म्हटलेले आढळते. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला त्यांची वखार होती. हा देश केरळहून थोडासाच मोठा, आणि त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. ॲमस्टरडॅमजवळच्या स्खिपोल विमानतळावर जो प्रवासी उतरतो, तो एका जुन्या सरोवराच्या तळावर पाय ठेवतो. वाफेच्या पंपांनी ते सरोवर उपसून १८५२ साली कोरडे करण्यात आले.

पुढे आगगाडीतून जाताना दोन्ही बाजूंस सपाट हिरवी कुरणे आणि त्यांत चरणाऱ्या काळ्या-पांढऱ्या गाई दिसतात. शेताला कुंपण नसते. त्याच्या जागी पाण्याने भरलेले चर असतात. कित्येक ठिकाणी कालवा शेताहून उंच असतो, त्यामुळे नाव जणू गाईंच्या डोक्यावरून चालली आहे असे वाटते. अशा बांध घालून कोरड्या केलेल्या जमिनीला ‘पोल्डर’ म्हणतात. चरांतील पाणी उपसून वरच्या कालव्यात चढवायचे, आणि तेथून नदीत किंवा समुद्रात सोडायचे, असा हा क्रम आहे. पूर्वी हे काम पवनचक्क्या करीत. किंडरडाइक येथे अशा १९ पवनचक्क्या आजही उभ्या आहेत. आता ते काम पंप करतात. पंप थांबले तर जमीन पुन्हा पाण्याखाली जाईल.

हे संकट काही अंशी माणसाने स्वतःच ओढवून घेतलेले आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी तेथील शेतकऱ्यांनी दलदलीत चर खणून पाणी काढून दिले. पण ती जमीन अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची होती. पाणी निघताच ती आकसली, खचली, आणि हळूहळू समुद्राहून खाली गेली. जितका उपसा अधिक, तितकी जमीन खोल! धान्यासाठी ती फार ओली झाली, म्हणून लोक गवत आणि गाईंकडे वळले. डच लोण्याची व चीजची कीर्ती अशा ओल्या जमिनीतून उगवली आहे.

समुद्राला शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील वैर ठाऊक नसते. एकाच्या हलगर्जीपणाने बांध फुटला तर सगळ्यांची शेते बुडतात. म्हणून तेराव्या शतकापासून तेथे पाणी-मंडळे स्थापन झाली. ती स्वतःचा कर घेतात, आणि त्यांच्या निवडणुका आजही होतात. जुन्या काळी प्रत्येकाकडे बांधाचा ठरावीक भाग असे. ज्याला तो राखणे अशक्य होई, त्याने बांधात आपले फावडे रोवून निघून जावे, आणि जो ते उपटील त्याने त्याची जमीन व जबाबदारी दोन्ही घ्यावी, असा प्रघात होता.

१९३२ साली कॉर्नेलिस लेली या अभियंत्याच्या योजनेनुसार ३२ किलोमीटर लांबीचा बांध पुरा झाला आणि झायडर झी नावाच्या उपसागराचे गोड्या पाण्याचे सरोवर बनले. परंतु १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री झंझावात आणि भरती एकदम आली. नैर्ऋत्येकडील बांध ठिकठिकाणी फुटले आणि १,८३६ माणसे प्राणांस मुकली. त्याच रात्री एका बांधाला भगदाड पडताच आरी एव्हेग्रून या नावाड्याने आपली मालवाहू नाव त्यात आडवी घातली, आणि मागचा दाट वस्तीचा मुलूख वाचला. नावेचे नाव होते ‘दोन भाऊ’. त्याचे धाडस थोर खरेच. पण तो बांध तोवर टिकून राहावा म्हणून अनेक स्वयंसेवक तेथे राबत होते, हेही विसरून चालणार नाही.

पुढे मोठमोठी धरणे उभारण्यात आली. पूर्व स्खेल्डच्या मुखाशी बंद धरण बांधायचे ठरले होते. पण तेथील मासेमाऱ्यांनी व निसर्गप्रेमींनी विरोध केला. म्हणून १९८६ साली पुऱ्या झालेल्या त्या बांधाला दारे आहेत. ती एरवी उघडी असतात आणि वादळात तेवढी मिटतात. १९९५ च्या नदीपुरात सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हापासून डच लोक बांध नुसते उंच करीत नाहीत. काही ठिकाणी ते मागे सरकवून नदीला तिची जागा परत देतात.

ज्या पाण्याशी झगडले, त्याच पाण्यावर हे लोक पोसले. ऱ्हाइनच्या मुखाजवळचे रॉटरडॅम हे युरोपातील सर्वांत मोठे बंदर आहे, आणि तेथील माल नावांनी जर्मनीपर्यंत जातो. वाळूच्या टेकड्यांमागील जमिनीत ट्यूलिप फुलतात आणि परदेशांच्या बाजारांत पोहोचतात.

गोव्यातील खाजनांचे बांध आणि भरती-ओहोटीबरोबर मिटणारी-उघडणारी मानस ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सारे परके वाटणार नाही. तेथेही गावकरी मिळूनच बांध राखीत आले. आता समुद्राची पातळी वाढत आहे, आणि डच जमीन अजूनही खचते आहे. म्हणून बांध एकदा बांधून संपत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने राखावा लागतो. भोकात बोट घालणारा तो मुलगा आपण खुशाल आठवावा. परंतु त्याच्याबरोबरच बांधात रोवलेले ते फावडे आणि ते उपटून घेणारा शेजारीही आठवावा.