दोन मिनिटांचे शास्त्र आणि शिबिराची चूल

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरासाठी आम्ही औसा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. श्रमदान, प्रभातफेरी, बौद्धिक आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम असा शिरस्त्याप्रमाणे दिनक्रम होता. त्याचे वृत्त याच अंकात अहवालाच्या पानांवर वाचकांना मिळेलच. मला सांगायचे आहे ते चौथ्या दिवशीच्या सायंकाळच्या स्वयंपाकाविषयी. तो स्वयंपाक आमच्या गटाकडे होता व तो आम्ही पूर्णपणे बिघडविला. का बिघडला, याचा विचार मी त्यानंतर बरेच दिवस करीत होतो.

झाले असे. भाकरी थापता येणारे आमच्या गटात कोणी नव्हते. भात रोज होत होता. तेव्हा कोणीतरी सुचविले की, नूडल्स करू. दोन मिनिटांत होतात. चाळीस पुड्या आणल्या. पुडीवर एका पुडीस सुमारे दीड कप, म्हणजे 210 मिलिलिटर पाणी घ्यावे असे लिहिलेले असते. आम्ही चाळीसने गुणले व 8 लिटर 400 मिलिलिटर पाणी मोठ्या पातेल्यात ओतले. त्रैराशिक आम्ही सातवीत शिकलो आहोत. त्यात चूक नव्हती. तीन दगडांच्या चुलीवर तुराट्यांचा जाळ केला, पाणी उकळले आणि चाळीसही वड्या एकदम टाकल्या. उकळी मोडली. ती पुन्हा येईपर्यंत आठ-दहा मिनिटे गेली. उकळी आल्यापासून आम्ही घड्याळात दोन मिनिटे मोजली. पाणी बरेच शिल्लक दिसले म्हणून ते आटविण्यासाठी आणखी जाळ घातला. वरच्या वड्या खाली व खालच्या वर व्हाव्यात म्हणून लांब उलथण्याने ढवळत राहिलो. शेवटी पातेल्यात जे उरले, त्याला नूडल्स म्हणणे कठीण होते.

शेजारच्या घरातील एक आजी केव्हाच्या पाहत होत्या. त्या जवळ आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, “पोरंहो, कागदं चिकटवायला खळ कराय लागलाव का?”

आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “पाणी किती घातलाव ह्यात?”

आठ लिटर, असे सांगितल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. गावातले बोअर त्या दिवसांत दिवसातून तासभर चालत असे. शिबिराच्या घागरी गावातील बायका स्वतःच्या पाळीतून भरून देत असत. हे आम्हांला ठाऊक होते, पण पातेल्यात पाणी ओतताना आठवले नव्हते.

आता प्रश्न असा की, एका पुडीला जे जमते ते चाळीस पुड्यांना का जमत नाही? त्यासाठी ही वस्तू मुळात काय आहे ते पाहिले पाहिजे.

झटपट नूडल्सचा शोध जपानमधील मोमोफुकु आंदो यांनी लावला. 1958 मध्ये त्यांच्या निस्सिन कंपनीने हा पदार्थ प्रथम विक्रीस आणला. 1971 मध्ये पेल्यातील नूडल्स आल्या. त्यांना चूलही लागत नाही, उकळते पाणी ओतून झाकले की पुरे. भारतात 1983 मध्ये मॅगी आली आणि ‘दोन मिनिटे’ हा शब्दप्रयोग घरोघरी झाला. 2015 च्या जून महिन्यात शिशाचे प्रमाण व वेष्टनावरील मजकूर या कारणांवरून तिच्या विक्रीवर बंदी आली, ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि नोव्हेंबरात ती पुन्हा दुकानांत दिसू लागली. एवढा इतिहास पुरे.

खरी गोष्ट आहे ती आंदो यांच्या युक्तीची. मैद्याची शेवई प्रथम वाफवतात. त्यामुळे तिच्यातील पिष्ट शिजते. नंतर ती कढत तेलात तळतात. तळताना आतले पाणी वाफ होऊन झपाट्याने बाहेर पडते व शेवईच्या अंगात असंख्य बारीक छिद्रे राहतात. आपण गरम पाणी घालतो तेव्हा ते या छिद्रांतून आत शिरते. म्हणजे नूडल्स आपण शिजवीत नाही. त्या कारखान्यातच शिजलेल्या असतात. आपण त्या फक्त भिजवितो. हे एकदा समजले की आमच्या सगळ्या चुका ओळीने दिसू लागतात. चाळीस थंड वड्या पडल्यावर पाण्याचे तापमान दहाएक अंशांनी उतरले असेल, परंतु तेवढ्या गरम पाण्यातही त्या भिजत होत्याच. आम्ही उकळीची वाट पाहत बसलो आणि त्या तेवढ्या वेळात फुगून मऊ झाल्या. मग दोन मिनिटे मोजली, मग पाणी आटविले, मग ढवळले. शेवया तुटल्या, पिष्ट पाण्यात उतरले. मैदा व पाणी एकत्र तापवून जी होते ती खळच. आजींचे निदान अचूक होते.

दुसरी चूक पाण्याच्या हिशेबाची. घरी आल्यावर मी एक वडी शिजवून, निथळून, किराणा दुकानातील तराजूवर तोलली. 70 ग्रॅमची वडी 180 ग्रॅमच्या आसपास भरली. म्हणजे तिने सुमारे 110 ग्रॅम पाणी प्याले. मग 210 मधले बाकीचे कुठे जाते? थोडा रस्सा राहतो आणि बरेचसे वाफ होऊन उडते. लहान, उघड्या भांड्यात एका पुडीच्या मानाने वाफ पुष्कळ जाते. मोठ्या पातेल्यात पुड्या चाळीसपट होतात, पण पातेल्याचे तोंड चाळीसपट रुंद होत नाही. झाकण असेल तर वाफ आणखी कमी. म्हणून पाणी चाळीसने गुणणे हीच चूक. झाकलेल्या मोठ्या भांड्यात पुडीला 160 मिलिलिटर पुरते, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडच्या शेवयांशी तुलना केली तर गंमत वाटते. उन्हाळ्यात गहू ओलवून, दळून, बारीक चाळणीने चाळून जो रवा निघतो त्याच्या शेवया आमच्या घरी बाजेला मशीन बसवून करतात. माझी आजी पाटावर हाताने करीत असे. सरगुंडे, बोटवे, नखुले हे त्याच कुळातले. एकदा वाळवून ठेवले की वर्षभर पाहुणा आला तरी चिंता नाही. झटपट अन्नाची कल्पना आपल्या बायकांना जपानकडून शिकावी लागली नव्हती. फरक एवढाच की, उन्हात वाळलेली शेवई कच्ची असते. तिला खरोखर शिजवावे लागते, आणि ती भरपूर पाण्यात उकळून वेळून घ्यायची तर ते पाणी जाते. नूडल्सचे पाणी टाकावे लागत नाही. लातूरकडच्या माणसाला हा फरक लहान वाटणार नाही. 2016 मध्ये धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. भाजी धुतलेले पाणी झाडाला आणि झाडाखालचे भांडे कोंबड्यांना, असे आमच्या घरी चाले. तरीही आठ लिटरांची खळ माझ्याच हातून झाली.

जळणाचेही एक शास्त्र आहे. तुराट्या भरभर जळतात. मोठी ज्वाळा होते आणि लगेच विझते. मंद आचेवर मुरणाऱ्या भाताला त्या उपयोगी नाहीत, त्याला गोवरी किंवा जाड लाकूड हवे. परंतु पाणी उकळण्यास तुराट्यांसारखे जळण नाही, आणि नूडल्सला उकळत्या पाण्यापलीकडे काही नको असते. फेब्रुवारीत तुरीच्या राशी होऊन गेलेल्या असतात, त्यामुळे बांधाबांधावर तुराट्या मिळतात. वाऱ्याच्या बाजूने दगड वा पत्रा आडवा लावला की निम्म्या जळणात काम होते.

पोषणाच्या दृष्टीने मात्र ही वस्तू एकटी अपुरी आहे. मैदा, तेल व मीठ एवढेच तिचे भांडवल. दिवसभर खोरे मारणाऱ्या मुलाला तिने दोन तासांत पुन्हा भूक लागते. तुरीच्या व सोयाबीनच्या बाजारासाठी नाव असलेल्या लातूर जिल्ह्यात राहून आपण नुसता मैदा खावा हे बरे नव्हे. मूठभर शेंगदाणे, मोड आलेली मटकी किंवा सोयाबीनच्या वड्या घालाव्यात. सोयाबीनच्या वड्या पाणी पितात, त्यांचे पाणी वेगळे धरावे. कांद्याची पात शेतकरी सहसा मागितली की देतातच. मिठाचे म्हणाल तर वेष्टनाच्या पाठीवर सोडियमचा आकडा असतो. त्याला अडीचने गुणले की मीठ किती ते कळते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आमचा एक मित्र दोन पुड्यांचा मसाला एकीत घालतो. त्याने हा गुणाकार करून पाहावा.

त्या रात्रीचे काय झाले ते सांगायचे राहिले. सुदैवाने मसाला अजून घातलेला नव्हता. आजींनी ज्वारीचे पीठ आणविले. तिखट, हळद, ओवा, लसूण घातला आणि आमची खळ त्यात ओतून मळली. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून बायका भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळतात. येथे शिजलेला मैदा आयताच मिळाला होता. धपाटे तव्यावर एकही मोडले नाही. पातेले निम्मे रिकामे झाले, उरलेले म्हशीच्या घमेल्यात गेले. रात्री साडेदहाला आम्ही जेवलो. मसाल्याच्या चाळीस पुड्या तशाच राहिल्या. त्या पुढे तीन दिवस वरणात पडत होत्या आणि सरांना वरण का आवडू लागले हे कोणी त्यांना सांगितले नाही.

यंदाच्या शिबिरात मी पुन्हा आमच्या गटाकडे नूडल्स मागून घेतल्या. एका पातेल्यात फक्त पाणी उकळत ठेवले. दुसऱ्या पातेल्यात दहा वड्या एका थरात मांडल्या, वर मसाला व भिजविलेली मटकी, त्यावर 1 लिटर 600 मिलिलिटर उकळते पाणी आणि घट्ट झाकण. खाली जाळ नाही. पाच मिनिटांनी एकदाच हलक्या हाताने वरखाली केले व वाढले. असे चार वेळा. शेवटचे घाणे होईपर्यंत पहिल्या पंक्तीतली मुले भांडी राखेने घासून मोकळी झाली होती. गेल्या वर्षीच्या मापाने घागरीतून काढून ठेवलेल्या पाण्यापैकी दोन लिटर उरले. ते झाकून ठेवले आणि सकाळी त्याचा सर्वांना अर्धा अर्धा कप चहा झाला.