सही दिली नाही, तर घर जाते का?

प्रश्न : पुण्यातील पेठेत वडिलांचा सोसायटीत फ्लॅट आहे. जुनी इमारत पाडून टॉवर बांधायचा घाट आहे. आम्ही सही न केल्यास घर जाईल का? – एक वाचक, धनज (जि. वाशीम)

उत्तर : सही नाकारल्याने सभासदाची मालकी जात नाही, त्याबाबत निर्धास्त राहावे. मात्र एकट्याच्या विरोधाने प्रकल्पही थांबत नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. विकासकाची निवड सभासदांच्या सभेत, सहकारी संस्था निबंधकांच्या अधिकाऱ्यासमोर होते आणि त्या सभेचे चित्रीकरण होते. गावी राहणाऱ्या सभासदाने ही सभा चुकवू नये. पेठेतले अरुंद रस्ते, पाणी, पार्किंग हे आक्षेप रास्तच आहेत. ते लेखी देऊन पोच घ्यावी. क्षेत्रफळ, भाडे व मुदत लिहिलेला करार नोंदवल्याशिवाय किल्ली देऊ नये.