फायलीवरचा आजार बदलला, मग खरं कोण?

पहिल्या डॉक्टरांनी ‘बायपोलर’ लिहिलं, दुसऱ्यांनी ‘स्किझोफ्रेनिया’, आणि आता तिसरे ‘स्किझोअफेक्टिव्ह’ म्हणतात. अशी फाइल घेऊन आलेल्या नातेवाइकांना वाटतं, यातले दोघं तरी नक्की चुकले. बहुतेक वेळा तसं नसतं. त्या त्या वेळी जे दिसलं, ते प्रत्येकानं लिहिलेलं असतं.

आजार भरात असताना हे तिन्ही सारखेच दिसतात. झोप उडालेली, सुपरवायझर पाळत ठेवतोय असा ठाम संशय, कानात आवाज. रक्त तपासून किंवा स्कॅन काढून यातला कोणता हे कळत नाही. त्या तपासण्या थायरॉइड किंवा मेंदूचा दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं १८९९ मध्ये, आज ज्यांना बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया म्हणतो त्या दोन आजारांत रेघ ओढली, तीही मुख्यतः आजार पुढे कसा जातो यावरून. रेघेवर अडकलेल्या रुग्णांसाठी ‘स्किझोअफेक्टिव्ह’ हे नाव १९३३ मध्ये कासानिन यांनी वापरलं.

म्हणून आम्ही क्रम विचारतो. मन उसळलेलं किंवा खचलेलं असतानाच आवाज येतात आणि मन सावरलं की जातात, तर कल बायपोलरकडे. मन ठीक असतानाही दोन आठवडे किंवा जास्त आवाज-संशय टिकले, शिवाय आजाराचा बराच काळ मोठ्या चढउतारांत गेला, तर स्किझोअफेक्टिव्ह. चढउतार फारसे नाहीत, पण माणूस सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कामातून, माणसांतून तुटत गेलाय, तर स्किझोफ्रेनिया.

पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखानापट्ट्यात घोडं अडतं ते इथेच. मुलगा लातूरचा किंवा बुलढाण्याचा, एका खोलीत चौघं, चौघांच्या पाळ्या वेगळ्या. रूममेट एवढंच सांगतो, “साहेब, तीन दिवस झोपला नाही.” दोन वर्षांपूर्वी तो महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होता, हे फक्त गावाकडच्या आईला ठाऊक. तपासणीच्या वेळी तिला फोन लावाच. गांजा, दारू घेत असेल तर तेही लपवू नका.

‘नाइटमुळे झोप गेली’ म्हणून सोडूनही देऊ नका. नाइट करून दमलेला माणूस पेंगतो. उन्मादातला, म्हणजे मन उसळलेला, दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना असतो. आणि बायपोलर असलेल्याला झोपमोडच उन्मादात ढकलू शकते. अशांना फिरती पाळी नको, असं पत्र मी बिनदिक्कत देतो.

निदानावर औषध ठरतं. बायपोलरच्या उदासीत नुसती डिप्रेशनची गोळी दिली, तर उन्माद उसळू शकतो. लिथियम घेणाऱ्यानं फाउंड्रीच्या उष्णतेत पाणी कमी पडू देऊ नये. अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेऊ नये. दोन्हींमुळे रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

फायलीवरचं नाव बदललं म्हणून गोळ्या मनानं थांबवू नका. जुने कागद फाडू नका, पुढच्या डॉक्टरांना ते लागतात. पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात दाखवता येतं, पुढची सोय येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो. पण जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा असेल, तर फोनवर विसंबू नका; माणसाला एकटं न सोडता थेट जवळच्या रुग्णालयात आणा.