अरुंद हँडलने सायकलचा वेग वाढतो का?

प्रश्न : शर्यतींतल्या सायकलपटूंची हँडलं फारच अरुंद दिसतात. माझ्या रोड बाइकला ४४ सेंटिमीटरचं हँडल आहे. त्याऐवजी ३६ चं लावलं तर वेग वाढेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थोडा वाढेल. सपाट रस्त्यावर वेगात असताना बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि हवेला सर्वांत जास्त अडतो तो वर बसलेला माणूस, सायकल नव्हे. हात जवळ आले की समोरून अंगाची रुंदी घटते. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये शेवटच्या दिवशी ग्रेग लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. कोपरं टेकवायच्या दांड्या लावून, हात छातीसमोर जुळवून तो २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल धावला आणि ८ सेकंदांनी टूर जिंकला. अर्थात, त्या दिवशी पायही त्याचेच होते!

पुढे हँडलं इतकी आक्रसली की आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ पासून किमान ३५ आणि २०२६ पासून सामूहिक रोड शर्यतींसाठी ४० सेंटिमीटर रुंदीचा नियम केला. हे माप बाहेरून बाहेर. मध्यापासून मध्यापर्यंत ते साधारण ३८ भरतं. लहान खांद्यांच्या महिला सायकलपटूंनी या नियमावर आक्षेप घेतला, आणि तो मला रास्त वाटतो.

तुमच्यासाठीही खांदाच महत्त्वाचा. दोन्ही खांद्यांच्या वरच्या हाडांमधलं अंतर मोजा. हँडल त्याच्या आसपास असावं. अरुंद हँडलवर हात जरासा हलला तरी चाक जास्त वळतं. सपाटीवर ते खपून जातं. कसारा घाट उतरताना समोर खड्डा आला की जाणवतं.

आधी ४० चं वापरून पाहा, शक्यतो मित्राकडून उसनं आणून. घेताना दुकानदाराला माप कुठून कुठे घेतलंय ते विचारा, कंपन्यांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात. स्टेममध्ये बसणारा मधला भाग हल्ली बहुधा ३१.८ मिलिमीटरचा असतो, जुन्या सायकलींत २६ चाही सापडतो. तो जुळलाच पाहिजे. नुसती रुंदी पाहू नका, हँडल पुढे किती जातं तेही जुन्याशी ताडून पाहा. तेच वाढलं तर मान दुखेल आणि दोष रुंदीला मिळेल. बोल्ट स्टेमवर लिहिलेल्या टॉर्कइतकेच आवळा, कार्बनचं हँडल असेल तर टॉर्क रेंचशिवाय हात लावू नका. ब्रेकचे लिव्हर मनासारखे बसेपर्यंत नवी टेप गुंडाळू नका, केबल चिकटपट्टीने बांधून जवळच्या जवळ फिरा. आणि ३६ चं हँडल सध्या दुकानातच राहू द्या.